सॉरीचा धडा सोडून

"सॉरीचा धडा मना नको, गो टीचर. तो त्याला शिकव."

एवढं बोलून मावशीनं अंगठा जिभेला लावला, पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली आणि वर तळहातानं दाबून बसवली. तिच्या इंग्रजीची सुरुवात ही अशी. माझ्या पुस्तकात पहिला धडा गुड मॉर्निंगचा आणि दुसरा सॉरी-थँक्यूचा. थँक्यू तिनं घेतलं, तेही जरा भाव करूनच. सॉरी मात्र शेवटपर्यंत घेतलं नाही.

मी मूळची परभणीची. इथं मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात, भाड्याच्या घरात राहते. संध्याकाळी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायचा, चटई टाकायची आणि इंग्रजी बोलायला शिकवायचं, हा माझा धंदा. येणारी माणसं तुमच्याआमच्यासारखी. कुणाची मुलाखत असते, कुणाची बढती अडलेली असते, कुणाला मुलाच्या शाळेत बाईंशी बोलायची भीती वाटते. सगळ्यांना काहीतरी मिळवायचं असतं. मावशीला एक माणूस उभा आडवा सोलायचा होता आणि त्यासाठी इंग्रजी हवं होतं. असा विद्यार्थी मी तोवर पाहिला नव्हता. तुम्ही पाहिला असेल तर भेटवा, मी त्याची फी माफ करीन.

मावशी भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली कोळीवाड्यातली. जन्म समुद्राशेजारी गेला आणि म्हातारपणी मुलानं आमच्या बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला म्हणून इकडे आली. मुलगा, सून आणि नात असं घर. फ्लॅट आला तरी तिनं भाईंदरच्या मासळीबाजारातली बसायची जागा सोडली नाही. रोज पहाटे जायची, दुपारी रिकामी टोपली घेऊन परत यायची. अंगावर लुगडं आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स बूट.

पहिल्या दिवशी दारात उभी राहून तिनं विचारलं, "इंग्लिशमदी भांडाया शिकवते काय?"

"बोलायला शिकवते," मी म्हटलं. "तुम्ही आत तर या."

"तुम्ही नि अहो बोलाया मी काय सेक्रेटरी हाय?" ती म्हणाली. त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले. आणि सेक्रेटरी हा शब्द ती कसा थुंकल्यासारखा उच्चारते, तेही त्याच दिवशी कळलं.

झालं होतं ते असं. मी या बिल्डिंगीत यायच्या आधीची गोष्ट. खाली पार्किंगमध्ये भरलेल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टमध्ये कॅमेरा लावायचा विषय निघाला. आमचा सेक्रेटरी मराठीच माणूस, वरणभाताइतका मराठी, पण कुणाला टोचायचं असलं की इंग्रजीत शिरणारा. तो मावशीकडे हात करून म्हणाला, "फॉर आंटी वी डोन्ट नीड कॅमेरा. नोज इज इनफ." म्हणजे आंटीसाठी कॅमेरा कशाला, नाक पुरे. झालं, सगळं पार्किंग खो खो हसलं.

तो मावशीकडे बघून हसत होता, म्हणून मावशीही हसली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चांगलं बोलला. घरी जाऊन सुनेला म्हणाली, साहेबांनी चार लोकांत माझं नाव काढलं. आणि दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या घरी ताज्या बोंबलांची पिशवी पाठवली. त्या माणसानं ती ठेवून घेतली. रात्री त्याच्याच स्वयंपाकघरातून तळणाचा वास जिन्यात आला होता, हे मला शेजारणीनं सांगितलंय. नाकवाला!

नात तेव्हा नववीत. सभेत ती आजीच्या शेजारीच बसली होती. तिला अक्षर न् अक्षर कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी आजीबरोबर लिफ्टमध्ये येईना. आजी टोपली घेऊन खाली उभी आणि ही समोरून शाळेतून आलेली, तरी दप्तरासकट सात मजले जिना चढायची. विचारलं तर म्हणायची, "चालणं तब्येतीला चांगलं असतं, आजी."

मावशी काही भोळी नव्हती. बाजारात उभा जन्म गेलेला. तिनं पोरीला धरून बसवलं आणि सगळं ओकायला लावलं. पोरीनं ते इंग्रजी वाक्य सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला आणि रडत म्हणाली, "आजी, पण तू कशाला हसलीस?"

मावशीनं हे मला चटईवर बसून सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त एरवी बोलताना नाचणारे हात थांबले होते. "तो बोल्ला त्याचा मना काय न्हाय, गो. बाजारात लोक रोज नाक दाबतात नि वर घासाघीस करतात. पण मी हसली. माझ्यावरच मी हसली. नि बोंबील पन मीच दिलं." मग म्हणाली, "माझी नात माझ्यासंगं लिफ्टमदी आली पायजे. तेवढा इंग्लिश दे. बाकी काय तुझा तू ठेव."

आता सूड वाईट, क्षमा मोठी, असं आपण पोरांना शाळेत शिकवतो. शिकवा बापडे. मला तर त्या क्षणी असा राग आला की मी तिची चटई पहिल्या रांगेत टाकली.

शिकणं मात्र सोपं नव्हतं. तिची शाळा चौथीपर्यंत, तीही होळीला बोटी सजवायला गेली की महिनाभर बुडालेली. जीभ वळायची नाही. वळली तर डोक्यातून वाक्य निसटून जायचं. पहाटेपासून बाजारात बसून आलेली बाई, धड्याच्या मध्येच डुलकी लागायची. मग दचकून जागी व्हायची आणि मोठ्यानं, "येस! प्रेझेंट!"

'हाऊ आर यू'वर ती बरेच दिवस अडली. सगळ्यांनी 'आय ॲम फाइन' म्हणायचं, हे तिला पटेना. "गुडघा ठणकतो तरी फाइन? असं कसं?" ती विचारायची. मग तिनं स्वतःचं उत्तर काढलं: "नी पेनिंग. यू?" गंमत म्हणजे हळूहळू वर्गातली बाकीची मंडळीही खरं बोलायला लागली. बढती अडलेले एक सरकारी क्लार्क होते, नेहमी इस्त्रीच्या घडीत बसणारे. त्यांनी एकदा मान खाली घालून सांगितलं, "नॉट फाइन. वाइफ नॉट टॉकिंग." मावशीनं लगेच त्यांना कुठली मासळी नेली म्हणजे बायको बोलेल ते सांगितलं, अर्थात मराठीत.

आणि सुख कसलं व्हायचं तिला! बाजारात गिऱ्हाईक हिंदीत बोललं की ही इंग्रजीत उत्तर द्यायची. कुणी पापलेटाच्या पोटात बोट खुपसलं की, "नो प्रेस! सी आय!" डोळा बघ म्हणजे ताजी का शिळी कळेल. "इंग्लिश बोल्ला का भाव पाडाया घाबरतात गो," असं मला येऊन सांगायची आणि मांडीवर थाप मारून हसायची.

सगळ्यात जास्त गट्टी जमली ती लिफ्टशी. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार उघडं राहिलं की आतून एक बाई सारखी कोकलते, प्लीज क्लोज द डोअर, प्लीज क्लोज द डोअर. इतके दिवस मावशीला तो नुसता कटकटीचा आवाज वाटायचा. ज्या दिवशी तिला त्याचा अर्थ लागला, त्या दिवशी तिनं टोपली आत सरकवता सरकवता लिफ्टला दम भरला, "वेट! आय ॲम कमिंग! व्हाय हरी?" खालचा वॉचमन हे ऐकून खुर्चीतून उठून उभा राहिला म्हणतात.

पण आपला मूळ हिशेब ती विसरली नव्हती. तासाला आली की विचारायची, "मिटींगला किती दिस हायेत?" आधी तिला शिव्या हव्या होत्या. तिच्या पालीच्या बोलीत शिव्यांचं असं भांडार की ऐकणाऱ्याच्या सात पिढ्या अंघोळ करून निघतील. तसलं काहीतरी इंग्रजीत दे म्हणाली. मी चारचौघांत म्हणता येतील अशा दोन-तीन सांगितल्या. तिनं त्या तोंडात घोळवून बघितल्या आणि तोंड वाकडं केलं. "एवढाच? ह्याच्यात मीठ पन न्हाय. इंग्रज लोक भांडायचे कसे?"

मग एक दिवस मी नेहमीचा धडा घेतला. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर लाजायचं नाही, 'प्लीज से इट अगेन' म्हणायचं. इंग्रजी शिकणाऱ्याला सगळ्यात जड जाणारं वाक्य आहे हे. माणूस न कळता मान डोलावतो, न कळता हसतो, पण परत सांगा म्हणत नाही. वर्गात सगळे एकमेकांना पुटपुटत म्हणत होते. मावशी मात्र त्या ओळीवर बोट ठेवून बसलेली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"हे बोल्ला का त्याला परत बोलाया लागतंय?"

"हो. परत सांगावंच लागतं."

"सगल्यांसमोर?"

"जिथं विचारशील तिथं."

तिनं पुस्तक मिटलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं. सौदा मनासारखा पटल्यावर तिच्या तोंडावर येत असेल, तसं काहीतरी होतं. "शिव्या ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मना ह्योच पायजे."

त्यानंतर वर्गाचं जे झालं ते विचारू नका. क्लार्कसाहेबांना आम्ही सेक्रेटरी केलं. गरीब माणूस, पण खुर्चीत बसवल्याबरोबर अंगात काय आलं कोण जाणे. खोकायचे, घड्याळ बघायचे, विषय बदलायचे. ते मराठीत वळले की मावशी हमखास अडकायची, कारण मराठीत कुणी आजी म्हटलं की ती विरघळायची. मग त्यावर आम्ही उतारा काढला. तो तिनं इतका घोकला की झोपेत म्हणत असेल. नातीला यातलं काही सांगायचं नाही, हे आमचं ठरलं होतं.

सभेचा दिवस उजाडला. आमच्याकडे सभा खाली पार्किंगमध्ये भरते. गाड्या बाहेर काढतात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, आणि वेफर-सामोशाच्या खोक्यांवर सगळ्यांची नजर. भाडेकरूला सभेत बोलायचा हक्क नाही, म्हणून मी स्कूटरींपाशी उभी राहिले. मावशी पुढच्या रांगेत बसली होती. बाजारातून थेट आलेली, टोपली खुर्चीखाली. मुलाला यायला उशीर होणार म्हणून नात सोबत आली होती, पण एक खुर्ची मोकळी सोडून बसलेली. ती मोकळी खुर्ची मला अजून दिसते.

पाण्याची टाकी झाली, रंगकाम झालं. सोसायटीच्या सभेत शेवटचा विषय नेहमी एकच असतो: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय. तो वाचला जातो तोवर लोक सामोशाकडे निघालेले असतात. सेक्रेटरीनं तो वाचला आणि कागद गोळा करायला लागला.

मावशी उठली. हात वर केला.

"सर. लास्ट इयर यू टोल्ड वन जोक. ऑन मी."

सामोशाकडे निघालेले लोक होते तिथं थांबले. सेक्रेटरीनं चष्मा काढला.

"आय लाफ्ड," मावशी म्हणाली. "आय डिड नॉट अंडरस्टँड. नाऊ आय नो इंग्लिश. प्लीज से इट अगेन."

सेक्रेटरी हसला, पण त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. मग तो गोड आवाजात म्हणाला, "अहो आजी, बसा ना. कुठला जोक घेऊन बसलात, घरातली माणसं आपण."

मी इकडे स्कूटरचं हँडल घट्ट धरलं. इथंच ती अडकायची.

"नो मराठी," मावशी म्हणाली. "इंग्लिश, प्लीज. जोक वॉज इंग्लिश."

मागून कुणीतरी खुसखुसलं. या वेळी हसू कुणावर होतं ते सगळ्यांना कळत होतं. सेक्रेटरी लाल झाला. म्हणाला, "आय डोन्ट रिमेंबर."

"आय रिमेंबर," मावशी म्हणाली. "बट युवर जोक. यू टेल. आय ॲम वेटिंग." आणि ती खरंच थांबली. गिऱ्हाईक परत येणार हे माहीत असल्यावर बाजारात थांबतात तशी, कमरेवर हात ठेवून. माणसं पायाकडे बघायला लागली, कारण गेल्या वर्षी हसलेले सगळे तिथंच होते. सामोसे गार होत होते.

शेवटी सेक्रेटरी कागद उचलून म्हणाला, "सभा संपली." ती मराठीत.

मावशी वाकली, टोपली काढली. तोवर नात उठून तिच्याजवळ आली होती. पोरीनं टोपलीची एक कड धरली. दोघी लिफ्टपाशी गेल्या, टोपली आत ठेवली, नात आत शिरली आणि जाळी ओढायला लागली. तेवढ्यात आतली बाई कोकलली, प्लीज क्लोज द डोअर. मावशी सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाली, "थँक्यू!"

मी तिथंच रडले. हो, आनंदानं, आणि थोडं खुनशीपणानंही. खोटं कशाला बोलू.

तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. मावशीचं संपलं नव्हतं. पुढच्या वर्षी शेवटचा विषय आला आणि ती उभी: "सर, जोक?" त्याच्या पुढच्या वर्षी सेक्रेटरी शेवटचा विषय आगगाडीसारखा वाचून सभा संपवायला गेला, तर ही आधीपासूनच उभी. त्यानं सभेत इंग्रजी बोलणं बंद केलं. लिफ्टमध्ये मावशी दिसली की, "तुम्ही व्हा पुढे," म्हणून जिन्याकडे वळायला लागला. राहतो तो पाचव्या मजल्यावर. पोट सुटलेलं. मी तुम्हाला सांगते, त्याच्या धापा ऐकत चहा प्यायला मला फार बरं वाटायचं.

एकदा जिन्यात एकटी गाठून तो तिला हळूच म्हणाला होता, "मावशी, सॉरी हं."

मावशीनं मला येऊन जसंच्या तसं सांगितलं. "मी बोल्ली, सर, जोक इन मीटिंग. सॉरी आल्सो इन मीटिंग." मग माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर बोल्ली ना, टीचर?"

"शंभर टक्के," मी म्हटलं.

सभेत त्यानं कधीच म्हटलं नाही. ती त्याची मर्जी. मावशीनंही विचारायचं सोडलं नाही.

गेल्या वर्षी तिला खोकल्यानं धरलं. दवाखाने झाले, मग तिनं मुलाला सांगितलं की मना पालीला ने. मी भेटायला गेले तर तिथल्या अरुंद गल्लीत माझी रिक्षा शिरेना, बाईकवाल्यांना चुकवत चालत गेले. ओट्यावर खाट टाकली होती. केवढीशी झाली होती ती. मला बघून म्हणाली, "हाऊ आर यू?"

"फाइन," मी म्हटलं. जीभ वळली ती सवयीनं.

"खरा बोल, गो."

मग मी खरं बोलले. नॉट फाइन म्हटलं आणि तिचा हात धरून बसले. हाताला अजून मासळीचा वास होता. मला तो फार जवळचा वाटला. तिनं विचारलं, "मिटींग कवा हाय?" मी म्हटलं, अजून अवकाश आहे, तोवर तू येशील. तिला ते खरं वाटलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाचं मन ठेवतात तशी मान हलवली. मी निघाले तेव्हा म्हणाली, "थँक्यू, टीचर." या वेळी भाव केला नाही.

सभेच्या आधीच ती गेली.

त्यानंतर सेक्रेटरी माझ्या दारात आला होता. आत ये म्हटलं नाही मी. म्हणाला, "फार वाईट वाटलं हो. त्यांची माफी मागायची राहूनच गेली." तोंड खरोखर उतरलेलं होतं त्याचं, ते नाकारत नाही. मी म्हटलं, "राहिली कशी? सभा आहे की पुढच्या महिन्यात." सभा झाली. शेवटचा विषय त्यानं वाचला आणि पुढच्या रांगेकडे बघत जरा थांबला. मग कागद गोळा केले. मी स्कूटरींपाशी उभी राहून बघत होते. माफ नाही करणार मी त्याला. ज्या बाईनं करायचं तिनं तो धडाच घेतला नव्हता, मग मी कोण मोठी लागून गेले?

नात आता कॉलेजात जाते. परवा रविवारी मी दूध घेऊन खालून येत होते. पोरगी पालीहून आली होती, आजीची टोपली घेऊन. आत काकानं दिलेली मासळी, वर ओलं फडकं, खाली पाणी ठिबकतंय. तिनं टोपली लिफ्टमध्ये ठेवली. मीही आत शिरले. इतक्यात समोरून सेक्रेटरी आला, हातात भाजीच्या दोन पिशव्या. आम्हाला बघून थबकला.

पोरीनं जाळी धरून ठेवली. "कम, सर," ती म्हणाली. "देअर इज प्लेस."

"नको नको, तुम्ही व्हा पुढे," तो जिन्याकडे वळत म्हणाला. "चालणं तब्येतीला चांगलं असतं."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. प्लीज क्लोज द डोअर, आतली बाई कोकलायला लागली. प्लीज क्लोज द डोअर.

"वेट," पोरगी तिला म्हणाली. "व्हाय हरी?" आणि सेक्रेटरी पिशव्या सावरत पाचव्या मजल्यावर पोचून त्याच्या दाराची कडी वाजेपर्यंत तिनं जाळी तशीच उघडी धरून ठेवली.